रविवारी न मिळालेला शर्ट

सोमवार, टेटरबोरो

न्यूयॉर्कजवळच्या, न्यू जर्सीतल्या टेटरबोरो विमानतळावरच्या वैमानिकांच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. अंगात आज सकाळीच घेतलेला सहा डॉलरचा पांढरा शर्ट आहे, आणि कालपासून मनात जे चालले आहे ते या शर्टापासूनच सुरू करावे लागेल.

काल पहाटे चारला उठले. ओहायोतल्या आमच्या तळावर विमान हँगरबाहेर काढून घेतले, इंधन भरून घेतले, कॉफीचे थर्मास आणि बर्फ चढवला, आसनांवरचे पट्टे नीट लावले, आणि सात वाजता कंपनीचे मालक व त्यांचे तीन पाहुणे यांना घेऊन कॅप्टन आणि मी, त्यांची सहवैमानिक, असे आम्ही निघालो. मॅनहॅटनमध्ये काम असणाऱ्यांची खासगी विमाने बहुधा इथेच उतरतात. शहराचा मध्य येथून जेमतेम १२ मैल. दुपारी चारला परत निघायचे ठरले होते. चारचे सहा झाले, सहाचे आठ झाले. खासगी विमानाच्या वैमानिकाचा दिवस उडण्यापेक्षा थांबण्यातच जास्त जातो, पण हे थांबणे म्हणजे विश्रांती नव्हे. फोन कधी वाजेल याचा नेम नसल्यामुळे डोळा लागत नाही. हवामान पुन्हा पुन्हा पाहावे लागते, मागवून ठेवलेले जेवण शिळे होते ते बदलून घ्यावे लागते. रात्री नऊला निरोप आला की साडेदहाला निघू. अकरा ते पहाटे सहा या वेळात येथून उड्डाणे करू नयेत असा ऐच्छिक संकेत आहे, म्हणून ही घाई.

कॅप्टननी कागदावर आकडे मांडले. साडेदहाला निघून उतरेपर्यंत बारा, विमान आत लावून घरी जाईपर्यंत एक, म्हणजे माझे जागरण एकवीस तासांचे आणि त्यांचे त्याहून थोडे जास्त. आश्चर्य याचे की हे बेकायदा नव्हते. भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या चार्टर विमानाच्या वैमानिकांना साधारणपणे चोवीस तासांत सलग दहा तासांची विश्रांती द्यावी लागते, म्हणजे कामाचा दिवस चौदा तासांत संपतो. मात्र कंपनीने स्वतःचे विमान स्वतःच्याच माणसांसाठी उडवले तर अमेरिकेच्या नियमांत कामाच्या तासांना मर्यादाच नाही. इतकेच काय, चार्टरचे प्रवासी उतरवून तेच वैमानिक तेच विमान रिकामे परत आणत असतील, तर ते उड्डाणही त्या हिशेबात धरले जात नाही. रिकाम्या विमानातला वैमानिक कमी थकतो असे कोणाला वाटले असेल, हे मला आजवर कळलेले नाही.

येथून जवळच असलेल्या नेवार्कहून १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोला निघालेले आणि कोसळलेले कोल्गन एअरचे विमान आम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यात आणि खाली जमिनीवर मिळून ५० माणसे गेली. सहवैमानिक तरुण मुलगी होती, तिचा वर्षाचा पगार सुमारे १६,००० डॉलर असल्याचे तेव्हा सांगितले गेले, आणि ती सिअॅटलजवळच्या आईवडिलांच्या घरून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. चौकशीत मुख्य दोष कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिक्रियेवर आला आणि थकव्याचा नेमका वाटा किती हे ठरवता आले नाही, तरी त्या रात्रीनंतर सरकारने विश्रांतीचे नियम नव्याने लिहिले आणि ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले. पण ते लागू झाले प्रवासी विमान कंपन्यांना. मालवाहू विमाने वगळली गेली आणि आमच्यासारखे खासगी वैमानिकही बाहेरच राहिले.

नियम नसले तरी एक अधिकार मात्र आम्हाला आहे. विमानाच्या सुरक्षेबाबत अंतिम शब्द कॅप्टनचा, असे कायद्यातच लिहिलेले आहे. कॅप्टननी तो काल वापरला. त्यांनी मालकांना फोन करून शांतपणे सांगितले की आम्ही दोघे थकलो आहोत, आज निघणार नाही. मालकांनी होकार दिला आणि ते हॉटेलात गेले. या ‘नाही’ची किंमत कधीतरी मोजावी लागेल का, याची धास्ती मला आहेच, विमानाचा मालक पाठीमागच्या केबिनमध्ये बसलेला असतो आणि आमच्या नोकरीला कोणतीही हमी नसते. पण ‘नाही’ म्हणता आले, आणि म्हटल्यावर रात्री झोप मिळाली.

आता शर्ट. मुक्काम ठरलेला नव्हता, शर्टावर दुपारीच कॉफी सांडलेली, म्हणून पावणेदहाला आम्ही विमानतळाला लागून असलेल्या सवलतीच्या मोठ्या दुकानात गेलो. दूध, पाव, औषधे सगळे मिळत होते, पण कपड्यांच्या रांगांना दोरी बांधलेली होती. हा विमानतळ ज्या जिल्ह्यात आहे त्या बर्गन काउंटीत रविवारी कपडे, फर्निचर आणि विजेची उपकरणे विकायला बंदी आहे; असा जुना कायदा इथल्या लोकांनी मतदान करून टिकवून धरला आहे. दोरीपलीकडे, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, पांढरे शर्ट घड्या घालून ठेवलेले होते. माझी चिडचिड झाली, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तासाभरापूर्वी मी माझ्या विश्रांतीसाठी चार माणसांचा रविवार बिघडवला होता, आणि दुसऱ्या कोणाच्या सुटीने माझा एक शर्ट अडला तेव्हा मला ती सुटी खुपली.

शर्ट आज सकाळी मिळाला. गळ्यामागच्या पट्टीवर बांगलादेशचे नाव आहे. हॉटेलच्या खोलीत मी तो उलटा करून पाहिला, कारण आईने लावलेली ती सवय आहे. सोलापुरात आमच्या घरी कारखान्यातून कापलेल्या कापडाच्या गाठोड्या यायच्या आणि आई शाळेचे गणवेश शिवायची, डझनाच्या हिशेबावर. एप्रिल-मे म्हणजे तिचा हंगाम. रात्री दोन-दोनपर्यंत मशीनचा आवाज ऐकतच आम्ही भावंडे झोपायचो. सकाळी उठावे तो आई धागे कापत बसलेली दिसायची आणि तिच्या अंगठ्याजवळ कात्रीचा घट्टा लाल झालेला असायचा. आज मी पाहिलेल्या शर्टाची काखेतली ओव्हरलॉकची शिलाई सरळ होती, काजे एकसारखी होती. ज्याने किंवा जिने ती घातली त्याचा किंवा तिचा हात बसलेला होता.

तेव्हा सावार आठवले, ढाक्याजवळचे. २३ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा या इमारतीच्या भिंतींना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आत बोलावण्यात आले, आणि इमारत कोसळून १,१३४ माणसे गेली. त्या वेळी तिथले किमान वेतन महिना ३,००० टाका होते. आत जायला नको हे त्यांना कळत नव्हते असे मुळीच नाही. तडे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. माझ्या कॅप्टनकडे जो एक शब्द होता तो त्यांच्यापैकी कोणाकडेही नव्हता, आणि पगार बुडण्याच्या भीतीपुढे तो उच्चारताही आला नसता.

स्वस्त शर्ट घेऊच नये, असे मी पूर्वी मैत्रिणींना सांगत असे. आता सांगत नाही. महागड्या दुकानातला शर्टही त्याच कारखान्यातला असू शकतो, आणि मी दोन डॉलर जास्त मोजले म्हणून ते मशीनवर बसलेल्या बाईपर्यंत पोहोचतातच असे नाही. बांगलादेशातल्या कामगार नेत्यांनी बहिष्कार मागितला नव्हता, तो केला असता तर त्यांचीच चूल विझली असती. त्यांनी करार मागितला. त्या वर्षी झालेल्या सुरक्षा कराराने सह्या करणाऱ्या कंपन्यांना कायद्याने बांधून घेतले आणि धोक्याच्या जागी काम करायला नकार देण्याचा कामगाराचा अधिकार मान्य केला. अमेरिकेतल्या काही बड्या साखळी दुकानांनी त्यावर सही न करता स्वतःची वेगळी, सैल व्यवस्था उभी केली. त्यामुळे शर्टाची किंमत पाहण्याआधी सही कोणाची आहे हे पाहायला हवे, आणि ते मी आज सकाळी पाहिले नाही. घाई होती, आणि समोर सहाचा आकडा होता.

भाऊ डिसेंबर २०२५ मध्ये पुण्याला अडकला होता. भारतात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा ‘वैमानिकांना जास्त झोप हवी म्हणून आमचे हाल’ असे तो फोनवर म्हणाला होता. भारतातल्या वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे ते नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, तयारीला पुष्कळ वेळ होता, हे मी त्याला रागाने समजावले होते. काल दोरीपाशी उभी असताना मी नेमकी त्याच्या जागी होते.

मघाशी आईचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळ झाली होती. शर्ट दाखवला तर म्हणाली, ‘बाही जरा इकडे कर गं.’ तिने शिलाई पाहिली, काजे पाहिली, कितीला पडला ते विचारले. मी सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मग नगाला काय सुटत असेल तिला?’

उड्डाण दोनला आहे. बर्फ अजून चढवायचा आहे.