येऊरची मागची भिंत

उपवन तलाव मागे पडला की टीएमटीची बस घाट चढायला लागते आणि ठाणे शहर एकदम संपतं. येऊरच्या पाटोणापाड्याला उतरलो. इथलं जंगल राष्ट्रीय उद्यानातलं, त्याच्या गाभ्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून पाड्यापाड्यांतल्या वाटा धरल्या.

घरून मी इतिहास घोकून निघालो होतो. येऊर साष्टी बेटावरचं. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून ठाणं जिंकलं, १७७४च्या डिसेंबरात ते इंग्रजांनी घेतलं. मित्र बिचारा ऐकत होता. पण वाटेवर यातलं काहीच दिसेना. दिसत होत्या नुसत्या वाळक्या काठ्या, उतारच्या उतार भरून.

ती कारवी. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. इथल्या डोंगरांत २०१६ साली फुलली, मग २०२४ला. तेव्हा जांभळे उतार बघायला झुंबड उडाली होती. यंदा मेलेल्या काठ्या बघायला आम्ही दोघंच. काठ्यांच्या बुडाशी नव्या रोपांची दाटी होती, घोट्याएवढी.

पुढच्या पाड्यावर एका वारली आजीकडे पाणी मागितलं. घर पुढून विटांचं, वर पत्रे. मागच्या अंगाला मात्र कुडाची भिंत: कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधून वर शेणामातीचा लेप. एका कोपऱ्यात लेप पडला होता, आत काठ्या अजून ताठ.

"आजी, ही केव्हाची?"

"पोरगं लहान होतं तवाची."

आता नवी कारवी आणायची म्हटलं तर राष्ट्रीय उद्यानातली काठी तोडायला बंदी. डोंगरभर ती वाळून उभी आहे आणि इथे भिंतीचा कोपरा पडलाय, हे काही मला पटलं नाही. जंगल राखायला नियम हवेत, तेही कळतं.

चिमाजी अप्पांबद्दल मी विचारलंच. आजी हसली. वाघोबाचं ठिकाण दाखवते म्हणाली, पण बसची वेळ झाली होती. ते पुढच्या खेपेवर ठेवलं.

"मग ही पण भिंत विटांची का नाही केली?" मित्रानं निघता निघता विचारलं.

"पोरगं म्हणतं करू. पन चूल हितंच हाय ना. इटांच्या खोलीत धूर कोंडतो. कुडातनं जातो."