तुम्ही विचारलंत म्हणून : मारिया मेरियनच का?

कीटकांचा विषय निघाला की मी फिरून मारिया सिबिला मेरियनवरच का येते, असं मला बरेच जण विचारतात. "ती तर चित्रकार होती ना?" हेही लगेच येतं.

होतीच. फ्रँकफर्टमधल्या कोरीवचित्रकाराची मुलगी, जन्म 1647चा. सावत्र वडिलांकडे ती फुलं रंगवायला शिकली. तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळले आणि मग दिसेल ती अळी घरी आणून वाढवायला लागली. किडे चिखलातून, कुजक्यातून आपोआप उपजतात, असं भलेभले मानत होते तेव्हाची ही गोष्ट. 1679च्या तिच्या सुरवंटांच्या पुस्तकात अंडं, अळी, कोष, पाखरू असं सगळं एकाच चित्रात आहे, तेही अळी ज्या झाडाचा पाला खाते त्या झाडावर! टाचणीला टोचलेले कीटक जमवणारे पुष्कळ होते. पण जिवंत कीटक काय खाऊन जगतो, हे तिने त्याच कागदावर आणलं. म्हणून मारिया.

नवऱ्यापासून वेगळी होऊन ती अ‍ॅमस्टरडॅमला आली. तिथल्या धनिकांच्या संग्रहात परदेशी फुलपाखरं होती, पण त्यांच्या अळ्यांचा पत्ता नव्हता. 1699 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तिने चित्रं विकून पैसे उभे केले, मृत्युपत्र केलं आणि धाकट्या मुलीला, डोरोथेआला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या, तेव्हाच्या डच वसाहतीच्या, जहाजात बसली.

साखर सोडून ही बाई काय शोधतेय, म्हणून तिथले उसाचे डच मळेवाले तिची टिंगल करत. तिला माहिती दिली ती मूळनिवाशांनी आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी. रान तोडून वाट करून देणारेही गुलामच. तिचं काम त्यांच्या वेठबिगारीवर उभं होतं, हे सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही. आपल्या अंगणातलं शंखासुराचं फुलझाड तिच्या पुस्तकात आहे. आपलं मूल गुलामीत जन्मू नये म्हणून गुलाम बायका या झाडाच्या बियांनी गर्भ पाडत. हे त्यांनीच मला सांगितलं, असं तिने त्या चित्रासोबत लिहून ठेवलंय. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या कीटकांच्या पुस्तकात त्या बायकांचं म्हणणं मला सापडलेलं नाही.

आजारपणामुळे 1701मध्ये तिला परतावं लागलं. 1705 साली सुरिनामचं पुस्तक निघालं, 60 चित्रांचं. काही ठिकाणी अळी एकाची, पाखरू दुसऱ्याचं असं झालंय. पण त्यातल्या पक्षी खाणाऱ्या कोळ्यावरून 19व्या शतकात तिला खोटं पाडलं गेलं, ते मात्र चुकीचं होतं. पुढे इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तसा कोळी पक्ष्यांसकट पाहिला.