पोलो दुसऱ्याच्या नावावर करताना

सात वर्षे गोव्यात म्हापशातील आमच्या अंगणात उभी राहिलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय मी मागच्या आठवड्यात विकली. १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची १०५ पीएस (अश्वशक्ती) शक्ती आज फार वाटणार नाही. परंतु १,५०० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) हाती येणारा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, चोर्ला घाटातील वळणातून बाहेर पडताना पाठीला असा काही जाणवे की, ताकद वाढवायला इंजिनाला हात लावावा असे मला कधी वाटलेच नाही. चांगले टायर घेतले, तेवढेच. सायलेन्सर बदलून गावभर आवाज करणे मला पटत नाही.

खरी काळजी घ्यावी लागली ती खाऱ्या वाऱ्याची. दर पावसाळ्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून, खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन, मी गंजरोधक लेप देत असे. खरेदीदार तरुणाने ओणवे होऊन, टॉर्चच्या उजेडात सायलेन्सरच्या पट्टीवरील तांबूस डाग नखाने खरवडून पाहिला. आतला पत्रा शाबूत होता. तेल बदलल्याच्या पावत्या वाचूनच त्याने भाव मान्य केला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. दुसरी किल्ली मी स्वतः त्याच्या हातात ठेवली.