तुम्ही विचारलंत म्हणून: हे घर पाडत का नाही?

पुण्याहून कुणीही आलं की दुसऱ्या दिवशीच्या चहाला प्रश्न ठरलेला. "अगं, एवढे पैसे ओतलेस, पाडून नवीन का नाही बांधलंस?" घर संरक्षित यादीत आहे, परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा आहे, असं मी बारा वर्षं सांगत आले. खरं आहे ते. सोयीचंही आहे.

इंग्लंडमधल्या सफक परगण्यातलं, सतराव्या शतकातलं घर. सगळा भार ओकच्या सांगाड्यावर. मधल्या जागांत हेझलच्या काठ्या, त्यांवर माती, पेंढा, शेण. म्हणजे आपला कुडच की! माझ्या आजोळी राजापूरला पडवीला कारवीचा कुड होता, आजी दर वर्षी लिंपायची. एवढं डोळ्यांनी बघूनही मी जे केलं ते केलं.

पहिल्याच हिवाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. मी सिव्हिल इंजिनिअर. चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा करून घेतला, वर वॉटरप्रूफ रंग. नवऱ्याने विचारलं, परवानगी लागत नाही का? डागडुजीला कसली परवानगी, म्हणून मी त्याला गप्प केलं. सहा वर्षं भिंत कोरडी ठणठणीत. सातव्या वर्षी खोलीला अळंबीसारखा वास यायला लागला.

एक म्हातारा सुतार आला. त्याने तळातल्या आडव्या तुळईला स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबला नाही हो, टेकवला. मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा टोकाला चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी होतं. ते त्याने पँटला पुसलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, गिलावा कुणी केला? मी म्हटलं, आधीच्या मालकांनी.

लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही, तडकतं. फटीतून पाणी आत जातं आणि तिथेच कोंडतं. चुना ते शोषून वाऱ्यावर सोडून देतो. हे कॉलेजात कुणी शिकवलं होतं? नाही. गावातल्या कितीतरी घरांना सिमेंटच होतं. मग माझाच दोष कसा? (आजोळी दिसत होतं, हेही आहेच.)

रीतसर परवानगी काढून तीन मीटर तुळई बदलली. नवा ओक ओलाच बसवतात; वाळताना तो सांध्यातल्या लाकडी खुंट्या आवळून धरतो. काम चालू असताना सुताराने खांबाच्या पायथ्याशी पटाशीने कोरलेल्या चार रेघा दाखवल्या. तशाच चार कुजलेल्या तुळईवर, जेमतेम दिसणाऱ्या. सांगाडा आधी सुताराच्या आवारात जुळवायचे, आकडे घालायचे, सोडवायचे आणि जागेवर आणून उभा करायचे. चार नंबरचा खांब चार नंबरच्या खाचेत.

कायदा नसता तर पाडलं असतं का? खर्चाचा आकडा कळला त्या रात्री, नक्की. आज विचाराल तर त्या दिवशी पाऊस किती आहे त्यावर.

नव्या तुळईवर चार रेघा मारू का, असं सुताराने विचारलं होतं. मी नको म्हटलं. का, ते मात्र विचारू नका.