फ्लॅटचं ॲग्रीमेंट वकिलाला दाखवलं, त्याचा अनुभव

पुण्याजवळ रावेतला अंडर कन्स्ट्रक्शन टू बीएचके बुक केला आणि ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट मेलवर आला, जवळपास शंभर पानांची पीडीएफ. सेल्सवाल्याचा लगेच फोन, मॅडम स्टँडर्ड फॉरमॅट आहे, रेराचाच (म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या रिअल इस्टेट कायद्याचा) आहे, शनिवारी रजिस्ट्रेशनचा स्लॉट घेऊ का. घरात पण सगळ्यांचं तेच, अगं मोठ्या बँकेने प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय, त्यांच्या वकिलाने सगळं बघितलेलं असतं, आता वेगळा वकील कशाला, उगाच खर्च.

मला पटेना. ओळखीतून एक वकीलबाई मिळाल्या, शिवाजीनगर कोर्टाजवळ ऑफिस, प्रॉपर्टीचंच काम करतात. त्यांना पहिल्यांदा हाच बँकेचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, टायटल म्हणजे जमिनीची मालकी क्लिअर आहे का, उद्या हप्ते थकले तर फ्लॅट विकून पैसे वसूल होतील का, एवढंच. बिल्डरने ताबा दोन वर्षं उशिरा दिला तर तुम्हाला काय मिळणार ह्याच्याशी बँकेला काय देणंघेणं, तुमचा हप्ता तर चालूच राहणार ना. हे ऐकून नवरा पण गप्प झाला, जो फक्त मला सोडायला म्हणून आला होता.

कागद त्यांनी भरपूर मागवले. सातबारा, फेरफार, एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), मूळ जमीनमालकाबरोबरचं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट आणि पॉवर ऑफ ॲटर्नी, मंजूर प्लॅन, जमिनीच्या 30 वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट. टायटलला प्रॉब्लेम नव्हता. फक्त बिल्डरने प्रोजेक्टवर कन्स्ट्रक्शन लोन काढलेलं, म्हणजे आमचा फ्लॅट पण त्या बँकेकडे गहाण, तर त्या बँकेची आमच्या फ्लॅट नंबरची एनओसी घ्यायला सांगितली. ती मिळाली.

खरी मजा ड्राफ्टमध्ये होती. महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाचा, मॉडेल ॲग्रीमेंटचा नमुना त्यांच्याकडे प्रिंट करून ठेवलेला, तो एका बाजूला, आमचा ड्राफ्ट दुसऱ्या बाजूला, आणि हातात पेन्सिल. जिथे बिल्डरने नमुन्यात काही घुसवलंय किंवा गाळलंय तिथे खूण. म्हणजे "रेराचाच फॉरमॅट" हे अर्धं खरं होतं, सांगाडा तोच पण मधेमधे स्वतःची वाक्यं.

सगळ्यात भारी व्याजाचं कलम. आमचा हप्ता लेट झाला तर 18 टक्के व्याज, आणि त्यांनी ताबा लेट दिला तर कार्पेटच्या (म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) स्क्वेअर फुटाला महिना 5 रुपये. मी वाचलं होतं ते, पण दोन कलमं दहाबारा पानांच्या अंतरावर असल्यामुळे शेजारी ठेवून बघणं सुचत नाही. बाईंनी तिथेच कॅल्क्युलेटर काढला. 650 स्क्वेअर फूट म्हणजे महिन्याला 3250 रुपये. रेरा कायद्यात दोन्ही बाजूंना व्याजदर एकच, महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाचा पायाभूत दर) आणखी 2 टक्के, साधे 10 टक्के धरले तरी तोपर्यंत भरलेल्या 50 लाखांवर महिन्याला साडेएकेचाळीस हजारांच्या वर जातं. कुठे 3250 आणि कुठे हे!

उशिराची कारणं पण अशी लांबलचक यादी, लेबर न मिळणं, सिमेंट स्टील महागणं, "बिल्डरच्या नियंत्रणाबाहेरचं कोणतंही कारण". कायद्याच्या कलम 6 मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप, नैसर्गिक आपत्ती एवढंच आहे. सिमेंट महागणं ही कुठली आपत्ती. शिवाय प्लॅनमध्ये पुढे काहीही बदल केले तरी आमची आत्ताच संमती, असं एक वाक्य अगदी साळसूदपणे मधे टाकलेलं. कायद्याप्रमाणे बिल्डिंगच्या प्लॅनमधल्या मोठ्या बदलाला दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, ती आधीच कोरी सही करून कशाला द्यायची.

आणि एरियाचं. ड्राफ्टमध्ये "टोटल युजेबल एरिया" लिहिलेला, बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी धरून. रेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही, तो आकडा वेगळा लिहून घ्या म्हणाल्या. पार्किंगचा तर नंबरच नव्हता, नुसतं "एक कव्हर्ड पार्किंग".

बाईंनी मुद्द्यांचा मेल तयार करून दिला, पाठवला मात्र मी माझ्या नावाने, कारण वकिलाचं नाव दिसलं की बिल्डरची माणसं अंगावर येतात असं त्यांचंच म्हणणं. तरी यायचं ते उत्तर आलंच, मॅडम बाकी सगळ्यांनी हेच साइन केलंय. मग मधल्या काळात 20 टक्के भरा म्हणून डिमांड लेटर. रजिस्टर्ड ॲग्रीमेंट व्हायच्या आधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, कलम 13, एवढंच एका ओळीत लिहून पाठवलं. त्यानंतर जरा सूर बदलला, सेल्सवाल्याच्या ऐवजी त्यांच्या लीगलच्या माणसाचा फोन आला.

तो चांगला बोलला. ॲग्रीमेंट बदलायला मॅनेजमेंट तयार होणार नाही पण हे सगळं लेटरहेडवर लिहून देतो म्हणाला. मी जवळजवळ हो म्हणणार होते. बाईंना विचारलं तर त्यांनी शेवटाकडचं एक छोटं कलम काढून दाखवलं, ह्या ॲग्रीमेंटआधीची सगळी पत्रं, अलॉटमेंट लेटर, बोलणी ह्यांच्याऐवजी आता फक्त हे ॲग्रीमेंट. म्हणजे आज दिलेलं पत्र सहीच्या दिवशी रद्दी. जे हवं ते आतच पाहिजे.

बरीच ओढाताण झाली. व्याज दोन्हीकडे सारखं झालं, कारणांची यादी कायद्यातल्यासारखी झाली, संमतीचं वाक्य गेलं, कार्पेट वेगळा आणि पार्किंगचा नंबर प्लॅनसकट जोडला. दोन वर्षांचा मेंटेनन्स आधीच घ्यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि क्लबहाऊसची तारीख पण लिहून दिली नाही. बाई म्हणाल्या एवढ्यावर डील मोडू नका. सही केली.

स्टॅम्प ड्युटी आमच्याकडे 7 टक्के, एकट्या बाईच्या नावावर घेतला तर 1 टक्का कमी, जॉइंट नावावर ती सवलत नाही. म्हणून फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आणि नवरा लोनला को-ॲप्लिकंट. हे पण बाईंनीच सुचवलं, आणि त्यात जे वाचले ते त्यांच्या फीच्या कितीतरी पट. नवरा आता ऑफिसात ज्याला त्याला त्यांचा नंबर देत फिरतोय.