तळघराची किल्ली

घर बघून आलो त्या रात्री आईला खिडकीतून काढलेले फोटो पाठवले. उतारावरचे द्राक्षमळे, मागे डोंगरांची निळसर रांग. तिचं उत्तर आलं, "छान आहे. सातबारा बघितलास का गो?"

संगमेश्वरात राहणाऱ्या आईला इटलीतला घरव्यवहार कसा समजावून सांगायचा, ही मला चिंता होती. पुढचे आठ महिने तीच मला समजावत होती.

गावाचं नाव ओर्व्हिएतो. रोमच्या उत्तरेला, उंब्रियात. रेल्वे स्टेशन पायथ्याशी आणि गाव सरळसोट कड्यावर. दोघांना जोडते ती फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे. 1888 साली सुरू झाली तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चढायची-उतरायची, आता विजेवर चालते. रोमहून लोकलसारख्या गाडीनं सव्वा-दीड तास लागतो. नवरा मूळचा डोंबिवलीचा, त्यामुळे या प्रवासात बसायला जागा मिळते एवढ्यावरच तो खूश होता.

मी मात्र भुलले ती दगडाला. हा कडा 'तुफो'चा आहे, म्हणजे ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला पिवळट-तपकिरी दगड. घरंही त्याचीच. भिंतीला हात लावला आणि तोंडातून निघालं, अरे, हा तर जांभा! (भूगर्भवाल्यांनी रागावू नये. जांभा वेगळ्या रीतीनं होतो, मला ठाऊक आहे. पण हाताला तसाच खरखरीत लागतो आणि पावसात तसाच काळा पडतो.) चिऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं.

दगड खालून काढायचा आणि त्याचंच घर वर बांधायचं, हा उद्योग इथे एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या लोकांच्या, काळापासून चाललाय. त्यामुळे गावाखाली हजाराहून जास्त गुहा आहेत. कुठे विहिरी, कुठे तेलाचे घाणे, कुठे कबुतरं पाळायला भिंतीत कोरलेले शेकडो कोनाडे. आणि या पोखरलेल्या खडकाखाली आहे चिकणमाती. कडे ढासळायला लागले तेव्हा 1978 साली संसदेनं ओर्व्हिएतोचा कडा आणि शेजारच्या तोदीची टेकडी सावरण्यासाठी खास कायदा केला. म्हणजे इथे घर घेताना भिंती आणि छप्पर बघून भागत नाही, तळाशी काय आहे तेही बघावं लागतं.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, 62 चौरस मीटर, लिफ्ट नाही, 84 हजार युरो. मालक पाच भावंडं, आईवडिलांमागे सगळ्यांच्या नावावर आलेलं. चौघं इटलीत, एक भाऊ कॅनडात. हे ऐकून आई खळखळून हसली. आमच्या आजोळच्या घरावर अकरा नावं आहेत आणि त्यातले तिघं मुंबईला, "गणपतीत बोलू" म्हणत गेली वीस वर्षं बोलतायत.

तर सातबारा. इथे त्याच्या जागी असते 'व्हिजूरा कातास्ताले', म्हणजे कर-नोंदवहीचा उतारा. आणि मजा म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखाच तोही मालकीचा अखेरचा पुरावा नाही. तो मुळात करासाठी. खरी मालकी मागच्या खरेदीखतांतून आणि वारसाच्या कागदांतून शोधायची, आणि ते काम नोटरीचं. इथला नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे. तो सरकारी अधिकाराचा कायदेपंडित असतो, निवडतो त्याला बहुधा खरेदीदार, आणि फीही खरेदीदारच भरतो.

उताऱ्यासोबत घराचा नकाशा असतो. आमचा निघाला 1940 सालचा. त्यात न्हाणीघर नव्हतंच! जिथे आज टब आहे तिथे नकाशात कोठीची खोली. मधे कधीतरी कुणीतरी परवानगीशिवाय भिंत घातली होती. 2010 पासून कायदा असा आहे की नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळतंय असं खतात लिहावं लागतं, नाहीतर खतच रद्दबातल. मग 'जेओमेत्रा' आला. हा म्हणजे आपला सर्व्हेअर, थोडा आर्किटेक्ट आणि थोडा नगरपालिकेतला ओळखीचा माणूस, असं तीन-इन-वन प्रकरण. त्यानं दंड भरून ती भिंत कायदेशीर करून घेतली. खर्च विकणाऱ्यांचा, वेळ आमचा. पाच महिने.

तेवढ्यात कॅनडावाल्या भावाचं मन डळमळलं. आम्ही तोवर साठेकरार करून 10 हजार युरो बयाणा दिला होता. इथे घेणाऱ्यानं माघार घेतली तर बयाणा बुडतो, विकणाऱ्यानं घेतली तर दुप्पट परत द्यावा लागतो. थोरल्या बहिणीनं त्याला फोनवर काय सुनावलं ते मला कळलं नाही, पण मुखत्यारपत्र दहा दिवसांत आलं.

खताच्या दिवशी नोटरीनं आम्हाला विचारलं, "तुमचं लग्न कुठल्या मालमत्ता-पद्धतीचं?" इटलीत नवरा-बायकोची मिळकत वेगळं काही ठरवलं नसेल तर सामायिक धरतात. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. देवरुखच्या कार्यालयात लग्न लागलं तेव्हा हा प्रश्न भटजींनी विचारला नव्हता. आपल्याकडे ज्याचं त्याचं वेगळं असतं, लग्नानं आपोआप सामायिक होत नाही, हे नोटरीबाईंना समजावलं. त्यांनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि निम्मा-निम्मा हिस्सा घातला. मग सगळं खत मोठ्यानं वाचून दाखवलं, अक्षरन् अक्षर. कायद्यानं वाचावंच लागतं. सत्यनारायणाच्या पोथीसारखं, मधे उठायचं नाही.

कर मात्र अनपेक्षित हलका निघाला. राहतं पहिलं घर असेल आणि अठरा महिन्यांत त्या गावात रहिवास हलवला तर 2 टक्के, तोही विक्रीच्या किमतीवर न घेता नोंदवहीतल्या जुन्या मूल्यावर. आमचा हिशेब सातशेच्याही आत आला, म्हणून किमान रक्कम लागू झाली: 1,000 युरो, वर आणखी दोन ठरावीक करांचे 50-50. दुसरं घर म्हणून घेतलं असतं तर 9 टक्के. एजंटाचे 3 टक्के आणि त्यावर 22 टक्के व्हॅट, हे जास्त बोचलं.

आणि गुहा? उताऱ्यावर घराखेरीज आणखी एक ओळ होती: वर्ग सी-2, तळघर. जेओमेत्राबरोबर विजेरी घेऊन उतरलो. सदतीस पायऱ्या, मग कबुतरांचे कोनाडे, त्यापुढे विटांनी बुजवलेली कमान. कमानीपलीकडे शेजाऱ्याची हद्द. नकाशावर ती रेघ स्पष्ट होती, नाहीतर ती नक्की कुणाची यावर पिढ्या गेल्या असत्या. जेओमेत्रा म्हणाला, इथे खणू नका. खणताना काही जुनं सापडलं तर चोवीस तासांत कळवायचं, आणि वस्तू सरकारची. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग खणायचं कशाला? कोकम ठेव."

सह्या झाल्यावर थोरल्या बहिणीनं पर्समधून किल्ल्या काढल्या. घराच्या दोन, साध्या. तळघराची वीतभर लांब, लोखंडी. ती हातात देताना तिनं विचारलं, खाली तिच्या वडिलांच्या वाइनच्या सहा मोठ्या काचेच्या बरण्या आहेत, द्राक्षं उतरेपर्यंत राहू देशील का?

ऑक्टोबर उलटून गेला. बरण्या तिथेच आहेत. शेजारी आमच्या कोकमाची एक.