एन्टेकॅव्हिर दिलं तरी पट्टा तिथेच

हिपॅटायटिस बी वर काम करतो म्हणलं की लोक विचारतात, लस आहे, गोळ्या आहेत, मग तुम्ही अजून काय शोधताय? अजून शोधायचं का, हे ज्या ब्लॉटने (म्हणजे डीएनएचे पट्टे दाखवणाऱ्या इमेजने) मला नीट पटलं त्या दिवसाबद्दल लिहितेय.

प्रयोग तसा साधा होता. हेप-जी-२ या लिव्हरच्या पेशी, त्यांच्यावर एनटीसीपी बसवलेला, म्हणजे व्हायरसला आत शिरायचा दरवाजा (हा दरवाजा २०१२ मध्ये बीजिंगच्या वेनहुई ली यांच्या ग्रुपने शोधला, त्याआधी साध्या हेप-जी-२ ला बाहेरून इन्फेक्शन लागायचंच नाही). प्लेटमधल्या काही वेल्सना (खड्ड्यांना) नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचा द्रव, हा कंट्रोल, काहींना एन्टेकॅव्हिर, काहींना अॅफिडिकोलिन. एन्टेकॅव्हिर व्हायरसचं स्वतःचं पोलिमरेज, म्हणजे डीएनए बनवणारं एन्झाइम, अडवतं, पेशंटला देतात तेच औषध. अॅफिडिकोलिन बुरशीपासून मिळतं आणि ते आपल्या पेशीतली पोलिमरेज अडवतं, अल्फा, डेल्टा, एप्सिलॉन. मग हर्ट पद्धतीने डीएनए काढायचा, जेलवर वेगळा करायचा, सदर्न ब्लॉटने मेम्ब्रेनवर उतरवायचा आणि प्रोबने, म्हणजे हव्या त्या डीएनएलाच चिकटणाऱ्या तुकड्याने, पट्टे बघायचे.

इमेज स्क्रीनवर आली तेव्हा आमचा ज्युनियर शेजारीच होता, तो आधी बोलला, "ताई, एन्टेकॅव्हिरने काहीच केलं नाही की." खरंच होतं. सीसीसीडीएनएचा, म्हणजे पेशीत मुक्काम करणाऱ्या व्हायरसच्या पक्क्या डीएनएचा, पट्टा कंट्रोलमध्ये होता तसाच तिथेही, आणि अॅफिडिकोलिनच्या लेनमध्ये (जेलवरच्या रांगेत) मात्र डोळे ताणले तरी दिसेना. वरचा आरसीडीएनएचा पट्टा होता, म्हणजे व्हायरस सोबत आणतो तो अर्धवट डीएनए; म्हणजे व्हायरस आत गेला होता, पण पुढे काही झालं नव्हतं.

इथे थोडं मागे जावं लागेल. व्हायरस पेशीत जो डीएनए घेऊन येतो तो फाटकाच असतो. जेमतेम ३२०० अक्षरांचं वर्तुळ, त्यातली एक साखळी पूर्ण पण तिच्या टोकाला व्हायरसचं पोलिमरेज चिकटलेलं आणि थोडा जादा तुकडा लोंबणारा, दुसरी साखळी अर्धवट आणि तिच्या टोकाला आरएनएचा तुकडा. हे सगळं साफ करून, भरून, दोन्ही टोकं जोडून पक्कं बंद वर्तुळ झालं की ते सीसीसीडीएनए, आणि ते न्यूक्लियसमध्ये मुक्काम ठोकतं. ही दुरुस्ती व्हायरस करत नाही, आपल्या पेशी करतात. आमच्या लॅबच्या मॅडमच्या भाषेत, फाटका कपडा त्याचा, शिलाई मशीन आपलं, दोरा आपला, मजुरीपण आपलीच.

मॅडमनी इमेज बघितली आणि पहिला प्रश्न तोच जो विचारायला हवा, "पेशी मेल्या नाहीत ना?" म्हणून मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा प्रोब लावलेला दाखवला, तो पट्टा सगळ्या लेन्समध्ये सारखा. मायटोकॉन्ड्रियाचं पोलिमरेज गॅमा अॅफिडिकोलिनला दाद देत नाही त्यामुळे लोडिंग कंट्रोल म्हणून, म्हणजे सगळ्या लेन्समध्ये डीएनए सारखाच घातलाय ना हे बघायला, ते फार सोयीचं. मग ८५ डिग्रीला तापवलेले सॅम्पल. त्यात आरसीडीएनएच्या साखळ्या सुट्या होतात, सीसीसीडीएनए टिकतं, पुढे ईकोआर-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापलं की ३२०० अक्षरांवर सरळ झालेल्या डीएनएचा पट्टा येतो. तोही कंट्रोलला आला, एन्टेकॅव्हिरला आला, अॅफिडिकोलिनला नाही. मग मॅडम खुर्ची ओढून बसल्या.

आम्ही काही नवीन शोधलं नव्हतं हे सांगायलाच हवं. प्रिन्स्टनच्या वेई आणि प्लॉस यांनी २०२० मध्येच टेस्ट ट्यूबमध्ये दाखवलं होतं की पीसीएनए, आरएफसी, पोलिमरेज डेल्टा, फेन-१ आणि लायगेज-१ (टोकं जोडणारं एन्झाइम) एवढे आपल्या पेशीतले पाच घटक मिळाले तर फाटक्या डीएनएचं सीसीसीडीएनए होतं. ही तीच मंडळी जी आपला डीएनए कॉपी होताना ओकाझाकी तुकडे, म्हणजे एका साखळीचे सुटे सुटे बनणारे भाग, जोडतात. पण पेपरमध्ये वाचणं वेगळं आणि जे औषध लोक वर्षानुवर्षं घेतात त्याच्या लेनमध्ये तो पट्टा ठसठशीत बसलेला बघणं वेगळं.

दुपारी आमच्यासोबत काम करणारे एक लिव्हरचे डॉक्टर आले होते, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणून तर रिटुक्सिमॅब द्यायच्या आधी आम्ही अँटी-कोअर टेस्ट सोडत नाही." अँटी-कोअर टेस्ट पूर्वी कधी इन्फेक्शन झालं होतं का ते सांगते. सरफेस अँटिजेन (सध्याचं इन्फेक्शन दाखवणारी टेस्ट) निगेटिव्ह, पेशंट म्हणतो मला कधी कावीळ झालीच नाही, आणि लिम्फोमा या कॅन्सरसाठी रिटुक्सिमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या काही पेशी मारणारं औषध, दिलं की व्हायरस परत उठतो, कारण सीसीसीडीएनए कुठेतरी राहिलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीएने यावर २०१३ मध्ये बॉक्स्ड वॉर्निंग, म्हणजे औषधाच्या माहितीपत्रकावरचा सगळ्यात कडक इशारा, दिली होती. मग त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला, हे अॅफिडिकोलिन पेशंटला का नाही? मॅडम हसल्या. पोलिमरेज डेल्टा बंद केलं तर आतडं, रक्त, जिथे जिथे पेशी वाढतात ते सगळंच थांबणार. व्हायरसने बरोबर असेच एन्झाइम पकडलेत ज्यांना आपण हात लावू शकत नाही, आणि मला हे थोडं चिडवणारं वाटतं.

एकेक एन्झाइम दाबावं तर तिथेही पर्याय तयार. चिकटलेलं पोलिमरेज सोडवणारा टीडीपी-२ दाबला तरी सीसीसीडीएनए पूर्ण थांबत नाही, लायगेज-१ कमी केला तर लायगेज-३ आहेच. सध्या आम्ही हे दोन्ही लायगेज एकत्र दाबायचा प्रयत्न करतोय. फक्त लायगेज-३ मायटोकॉन्ड्रियालाही लागतो, म्हणजे तो सोयीचा लोडिंग कंट्रोल गेला, आता दुसरा शोधतोय.